दर्या आणि दऱ्या : एका यांत्रिक पाठचिकित्सेचा इतिहास

मराठीच्या विद्यार्थ्याला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. एका शब्दात समुद्र आहे, दुसऱ्यात डोंगर. लेखनात मात्र हे अंतर केवळ एका अर्ध्या अक्षराच्या आकारावर उभे आहे. पहिल्या शब्दात ‘र’ रफार होऊन ‘या’च्या डोक्यावर बसतो, दुसऱ्यात तो आडवा, अर्धा होऊन ‘या’च्या आधी येतो. आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेला समुद्र कोठेही शिवत नाही. पण धडगाव आणि अक्कलकुवा या तालुक्यांचे वर्णन सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांवाचून करता येत नाही. तेव्हा हा आडवा ‘ऱ्’ छापखान्यात किंवा पडद्यावर हरवला, तर आमच्या भूगोलात एकदम दर्या उसळतो. व्याकरणाच्या पुस्तकांतील ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडी अशीच. गुरुजींना द्यायची दक्षिणा स्वयंपाक्याच्या हाती पडायला एक रफार पुरेसा असतो.

खिळ्यांच्या छपाईत ही जबाबदारी माणसांवर होती. जुळारी योग्य खिळा उचलत असे आणि मुद्रितशोधक गॅलीवरून नजर फिरवून चुकलेला खिळा बदलायला लावत असे. आज आपण ‘दऱ्या’ हा शब्द संगणकावर वाचतो तेव्हा तो आकार कोणी जुळवलेला नसतो. अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात आणि त्या क्रमांकांवरून आकार घडवण्याचे काम एक आज्ञावली त्या क्षणी करते. मग इथला मुद्रितशोधक कोण? ती आज्ञावली बदलली, तिची नवी आवृत्ती आली, तर ‘दऱ्या’ अजून ‘दऱ्या’च राहिल्या आहेत हे कोण पाहते? निदान मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात या प्रश्नाला निश्चित उत्तर आहे, आणि त्या उत्तराला सुमारे चार दशकांचा इतिहास आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये अशी आमची समजूत आहे, कारण त्याच्या मुळाशी असलेली चिंता आपल्या पाठचिकित्सेचीच आहे.

प्रत, पाठ आणि बांधणी

पैठणच्या एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती तपासून पाठ शुद्ध केला, हे आपण पहिल्याच वर्षी शिकवतो. पुढे वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली जुन्या पोथीवरून आपली प्रत छापली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धे शतक महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीला दिली. या सर्व उद्योगांमागे एकच अनुभव आहे : ग्रंथ हातोहात नकलला जातो तेव्हा तो बदलतो. नकलणारा कधी डुलकी घेतो, कधी न समजलेले ‘सुधारतो’. म्हणून मूळ आणि वाचक यांच्यामध्ये तपासणीची एक जागा असावी लागते.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही जागा कोठे येते, ते थोडक्यात सांगतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स १९९१ साली आले. पण या दोहोंतून आणि इतर हजारो लेखकांच्या आज्ञावलींतून एक सलग, वापरण्याजोगी संगणकप्रणाली तयार करून देणारे लोक वेगळे असतात. इअन मर्डॉक यांनी १९९३च्या ऑगस्टमध्ये सुरू केलेला डेबियन प्रकल्प हे त्याचे ठळक उदाहरण. मूळ लेखक आपली संहिता, म्हणजे सोर्स कोड, प्रसिद्ध करतो. डेबियनचा स्वयंसेवक ती घेतो, प्रणालीतील इतर भागांशी तिचा मेळ घालतो, लागल्यास लहान दुरुस्त्या करतो, आणि तिचे ‘पॅकेज’ बनवतो. डेबियनच्या २०२३ सालच्या आवृत्तीत अशी ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये संपादक असावा, तसा हा पॅकेज करणारा असतो.

यांपैकी पुष्कळशी पॅकेजे ‘लायब्रऱ्या’ असतात. (हा शब्द लिहितानाही आडवा ‘ऱ्’ लागलाच.) लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची खोली नव्हे. अनेक आज्ञावलींना लागणारे एखादे काम एकदाच नीट लिहून सर्वांसाठी ठेवलेले असते, त्या संचाला लायब्ररी म्हणतात. अक्षरे जुळवणे, मजकूर दाबून लहान करणे, गुपित राखणे अशी ही कामे. लायब्ररी वापरकर्त्याला दिसत नाही, पण तिच्यातील चूक तिच्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीत उतरते. एका पोथीवरून शंभर नकला झाल्या तर पोथीतील दोष शंभर ठिकाणी दिसतो, तसेच हे.

मानवी वाचनीय संहितेपासून यंत्राला चालवता येईल असे रूप तयार करण्याच्या क्रियेला ‘बिल्ड’ म्हणतात. आम्ही तिला बांधणी म्हणू. बांधणीच्या वेळची चाचणी म्हणजे ग्रंथ बांधून बाहेर जाण्यापूर्वी त्याच्याकडून ठरावीक उतारे म्हणवून घेणे. उतारा चुकला तर बांधणी तेथेच थांबते आणि पॅकेज तयारच होत नाही. मुद्रितशोधकाने चूक दाखवूनही मालक छपाई पुढे रेटू शकत असे. इथे चूक सापडली की यंत्रच थांबते, आणि थांबू द्यायचे नसेल तर कोणाला तरी तसे जाणूनबुजून लिहावे लागते.

‘ओके’ आणि ‘नॉट ओके’

या प्रथेच्या इतिहासात एक भाषाशास्त्राचा विद्यार्थी उभा आहे, ही गोष्ट आपल्या वर्गात सांगण्यासारखी आहे. लॅरी वॉल आणि त्यांच्या पत्नी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे भाषाशास्त्र शिकत होते ते एका हेतूने : जिला लिपी नाही अशी एखादी भाषा शोधावी, तिच्यासाठी लेखनपद्धती तयार करावी आणि बायबलसह काही ग्रंथ तिच्यात आणावेत. प्रकृतीच्या कारणाने तो बेत राहिला. वॉल संगणकाकडे वळले आणि १९८७च्या डिसेंबरात त्यांनी ‘पर्ल’ ही संगणकभाषा प्रसिद्ध केली.

पर्लच्या पहिल्याच आवृत्तीबरोबर वॉल यांनी लहान लहान चाचण्यांचा संच दिला होता. प्रत्येक चाचणी भाषेचे एखादे वैशिष्ट्य वापरून पाहते आणि एक ओळ छापते : जमले तर ‘ओके’ आणि क्रमांक, न जमले तर ‘नॉट ओके’ आणि क्रमांक. इतकी साधी ही पद्धत. पण साधेपणामुळेच ती टिकली, इतर भाषांनी उचलली आणि पुढे तिला प्रमाणित रूप मिळाले. १९९५ साली पर्लच्या लायब्रऱ्यांचे सार्वजनिक भांडार, ‘सीपॅन’, सुरू झाले तेव्हा हीच शिस्त भांडाराची शिस्त बनली. लायब्ररी उतरवून घ्या, बांधा, चाचणी चालवा, आणि उत्तीर्ण झाली तरच बसवा. नापास लायब्ररी बसवायची असेल तर तसा आग्रह स्पष्ट शब्दांत धरावा लागे. जगभरच्या स्वयंसेवकांनी वेगवेगळ्या यंत्रांवर या चाचण्या चालवून निकाल कळवण्याचा उपक्रमही सुरू केला.

ग्नू प्रकल्पाच्या लेखनसंकेतांतही ‘मेक चेक’ ही आज्ञा होती : आधी ‘मेक’ म्हणजे बांध, मग ‘मेक चेक’ म्हणजे तपास. स्मॉलटॉक भाषेत केंट बेक यांनी आणि जावा भाषेत १९९७ साली बेक व एरिख गामा यांनी चाचण्या लिहिण्याच्या चौकटी तयार केल्या आणि चाचणी लिहिणे हा आज्ञावली लिहिण्याचाच एक भाग आहे, हा विचार रूढ झाला. पर्लचे वैशिष्ट्य मात्र वेगळे राहिले. तेथे चाचणी लेखकाच्या टेबलावर संपत नव्हती. ती ग्रंथाबरोबर प्रवास करत होती आणि प्रत्येक नव्या ठिकाणी नव्याने वाचली जात होती.

संपादकाची हत्यारे

डेबियनमध्ये पॅकेज बांधण्याची कृती आरंभी प्रत्येक जण हाताने लिहीत असे. चाचण्या चालवायच्या की नाहीत, हे त्या त्या स्वयंसेवकाच्या सवडीवर होते. जोई हेस यांनी १९९७मध्ये ‘डेबहेल्पर’ नावाचा हत्यारांचा संच सुरू केला. त्याच्या २००८च्या सातव्या पिढीत एक महत्त्वाचा बदल झाला. त्यात एक असे हत्यार आले, जे संहितेत चाचण्या आहेत का ते पाहते आणि असल्यास न सांगता चालवते. यामुळे नियम उलटला. पूर्वी चाचणी चालवायची असल्यास लिहावे लागे. आता टाळायची असल्यास लिहावे लागते. आमच्या मते या इतिहासातील हा सर्वांत अर्थपूर्ण क्षण आहे. संस्थेची नीती बहुधा मोठ्या घोषणेत दिसत नाही. न सांगता काय घडते यात ती दिसते. रेड हॅटच्या परंपरेतील पॅकेजांतही बांधणीच्या कृतीत तपासणीचा स्वतंत्र विभाग असतो.

ही तपासणी कोठे होते, तेही पाहण्यासारखे आहे. पॅकेज स्वयंसेवकाच्या रोजच्या यंत्रावर तपासून भागत नाही, कारण तेथे अनेक गोष्टी आधीच बसवलेल्या असतात आणि चूक झाकली जाते. म्हणून एक रिकामी, स्वच्छ प्रणाली तात्पुरती उभी केली जाते. पॅकेजाने आपल्याला जे जे लागते म्हणून जाहीर केले आहे तेवढेच तिच्यात ठेवले जाते. बाहेरच्या जाळ्याचा आधारही गृहीत धरायचा नसतो. मग बांधणी आणि चाचणी. हेच पुन्हा वेगवेगळ्या जातींच्या यंत्रांवर, कारण आकडे साठवण्याची रीत यंत्रागणिक निराळी असते आणि एका यंत्रावर शुद्ध वाचणारी आज्ञावली दुसऱ्यावर अडखळते. एवढे करूनही बांधणी न जमल्यास ती गंभीर उणीव म्हणून नोंदवली जाते आणि दूर होईपर्यंत त्या पॅकेजाचे पुढच्या स्थिर आवृत्तीतील स्थान धोक्यात असते. नंतर आणखी एक पायरी आली : बांधलेले पॅकेज प्रत्यक्ष बसवून, वापरकर्त्याच्या बाजूने पुन्हा तपासायचे. २०१८च्या सुमारास या दुसऱ्या तपासणीचा निकाल पॅकेजाच्या पुढच्या प्रवासाला जोडण्यात आला.

रुबी या भाषेच्या लायब्रऱ्यांसाठी डेबियनने ‘जेम-टू-डेब’ नावाचे हत्यार घडवले. रुबीचे लेखक आपली लायब्ररी ‘जेम’ या वेष्टनात देतात. हे हत्यार त्या वेष्टनातून डेबियनचे पॅकेज तयार करते, आणि बांधणीच्या वेळी त्या लायब्ररीच्या चाचण्या डेबियन पाठिंबा देत असलेल्या प्रत्येक रुबी आवृत्तीवर चालवते. कोणत्या चाचण्या चालवायच्या, याची सूचना पॅकेज करणारा एका छोट्या फाइलीत देतो. याच हत्याराशी महाराष्ट्राचा संबंध आला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुक्त सॉफ्टवेअर गटाच्या विद्यार्थ्यांनी २०१०नंतरच्या दशकात डायस्पोरा या मुक्त समाजजाळ्याला लागणाऱ्या रुबी लायब्रऱ्या डेबियनमध्ये आणण्याच्या कामात भाग घेतला. एकेका मोठ्या आज्ञावलीमागे अशा शेकडो लहान लायब्रऱ्या असतात, आणि प्रत्येकीचे पॅकेज बांधून, तिच्या चाचण्या चालवून दाखवाव्या लागतात.

या कामात नव्या संपादकाची परीक्षा होते. मूळ लेखकाची चाचणी जाळे गृहीत धरत असेल, तर ती स्वच्छ खोलीत नापास होणारच. मग ती वगळावी, दुरुस्त करावी, की लेखकाला कळवावे? ‘चाचणी नको’ असे सांगण्याची सोय हत्यारात आहेच. ती वापरून पॅकेज एका मिनिटात तयार होते. पण अडचणीचा पाठ गाळून पोथी सुबोध करणाऱ्या नकलाकाराला आपण जे म्हणतो, तेच या सोयीच्या सवयीलाही म्हणावे लागेल. चांगला पॅकेज करणारा चाचणी वगळतो तेव्हा ती का वगळली, हे शेजारी लिहून ठेवतो. चिकित्सित आवृत्तीच्या तळटिपेचेच हे काम आहे.

पापणीएवढा ‘र’

आता पुन्हा ‘दऱ्या’ या शब्दाकडे येऊ. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत १९८८मध्ये तयार झाला आणि १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच्याच आधारे केली. आडव्या अर्ध्या ‘ऱ्’साठी दोन्हींत व्यवस्था आहे. साध्या ‘र’हून वेगळा क्रमांक असलेला नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यावा, त्याला हलन्त चिन्ह जोडावे, म्हणजे हा आकार मिळतो. इंग्रजी तंत्रज्ञ त्याला पापणीची उपमा देतात. जुन्या युनिकोडशी जुळावे म्हणून दुसरी रीतही ठेवली आहे : साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ सारख्याच दिसतात. साठवणीत मात्र त्या दोन निरनिराळ्या वर्णमालिका असतात. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडत नाही. एकाच उच्चाराचे दोन पाठ, आणि ते डोळ्यांना ओळखू न येणारे!

हा ‘ऱ्’ अपवादात्मक असता तर त्याची इतकी चर्चा कशाला केली असती? पण मराठीच्या सामान्यरूपाचा तो नित्याचा भाग आहे. शेतकरी – शेतकऱ्याला, कर्मचारी – कर्मचाऱ्यांना, वारा – वाऱ्यावर. शिवाय कुऱ्हाड, कऱ्हाड, ऱ्हास. आमच्या जिल्ह्यातील ‘पावरा’ समाजाचे नाव षष्ठीत घातले की ‘पावऱ्यांचे’ होते. हिंदीला या आकाराची गरज नाही. त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असे धरून लिहिलेल्या आज्ञावलीत तो सर्वांत आधी मोडतो, आणि मोडला हे हिंदी वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक फॉन्टने आपला स्वतंत्र संकेत ठेवल्यामुळे एका यंत्रावर जुळवलेली मराठी प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांचा ढीग होत असे. त्या काळातून गेलेल्या प्राध्यापकांना हा विषय काल्पनिक वाटणार नाही.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरे पोचली ती मुख्यतः ‘लोहित’ या फॉन्टमालेतून. लोहित म्हणजे तांबडा, म्हणजे रेड हॅटचाच रंग. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेकडून घेतलेले हे फॉन्ट रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केले आणि त्यांची देखभाल पुण्यातच झाली. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण हिंदीहून वेगळे असते, म्हणून लोहितमध्ये मराठीची स्वतंत्र पाती आहे.

पण फॉन्ट म्हणजे फक्त खिळ्यांची पेटी. जुळारी वेगळा. आज लिनक्सवरील बहुतेक आज्ञावलींसाठी आणि अँड्रॉइड फोनांवरही हे जुळाऱ्याचे काम ‘हार्फबझ’ नावाची लायब्ररी करते. हे नाव फारसी आहे. बेहदाद एस्फहबोद हे तिचे प्रमुख रचनाकार. भारतीय लिप्यांचा तिचा भाग २०११–१२च्या सुमारास नव्याने लिहिला गेला, तेव्हा तपासणीसाठी विकिपीडियांतून शब्दांचे प्रचंड संच घेण्यात आले. एकट्या देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द विंडोजच्या जुळाऱ्याशी ताडून पाहण्यात आले आणि उरलेल्या फरकांची संख्या प्रत्येक बदलाबरोबर नोंदवली गेली. विकिपीडियावर विनामोबदला लिहिणाऱ्यांना आपले शब्द अशा कामी येतील याची कल्पनाही नसेल.

हार्फबझबरोबर प्रवास करणाऱ्या चाचण्यांची रचना अगदी सरळ आहे. एका ओळीत तीन गोष्टी : कोणता फॉन्ट, अक्षरांच्या क्रमांकांची कोणती मालिका, आणि त्यातून कोणते आकार कोणत्या जागी उमटावेत. या संग्रहातील देवनागरीच्या शब्दांत त्या पापणीलाही जागा मिळाली आहे. पुण्यातील रेड हॅटच्या भाषातंत्रज्ञांनी भारतीय लिप्यांच्या शुद्ध आकारांचा एक संदर्भसंग्रह केला होता, त्यातील देवनागरी नमुनेही येथे समाविष्ट झाले. म्हणजे हार्फबझची नवी आवृत्ती कोठेही बांधली जावो, चाचण्या चालवल्या गेल्या तर हे आकार प्रत्येक वेळी पुन्हा ताडले जातात. जुळत नसतील, तर बांधणी थांबते. धडगावच्या शाळेतील संगणकावर ‘दऱ्या’ दऱ्याच राहतात, त्यामागे अशी एखादी ओळ उभी असते.

तपासणीच्या मर्यादा

तथापि तपासणीवर भोळा विश्वास ठेवणे पाठचिकित्सेला शोभणारे नाही. डेबियनच्याच इतिहासातील दोन घटना येथे सांगणे आवश्यक आहे.

पहिली २००६ची. ओपनएसएसएल ही गुपित राखणारी लायब्ररी तपासताना ‘व्हॅलग्राइंड’ या हत्याराने इशारा दिला की काही ओळी अशा स्मृतीचा वापर करतात, जिच्यात काय आहे हे ठरलेले नाही. पॅकेज सांभाळणाऱ्याने त्या ओळी निष्क्रिय केल्या. इशारा गेला. पण त्यांतील एक ओळ किल्ल्या बनवताना लागणारी यदृच्छा मिसळत होती. ती गेल्यावर किल्ल्यांच्या शक्यता जवळजवळ ३२ हजारांवर आल्या, आणि इतक्या किल्ल्या कोणीही एकेक करून लावून पाहू शकतो. १३ मे २००८ रोजी ही चूक जाहीर झाली. मधली दोन वर्षे ती कोणत्याही चाचणीत उघड झाली नव्हती, कारण तयार होणारी प्रत्येक किल्ली स्वतंत्रपणे पाहता निर्दोष दिसत होती. न समजलेल्या ओळीला अशुद्ध समजून ‘सुधारणे’ हा नकलाकाराचा सर्वांत जुना दोष. कठीण पाठाकडे आधी आदराने पाहावे, हा आपल्या शास्त्राचा नियम किती खोल आहे, हे येथे दिसते.

दुसरी घटना २०२४ची, आणि अधिक अस्वस्थ करणारी. मजकूर दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या लायब्ररीत ‘जिआ टॅन’ या नावाने काम करणाऱ्या कोणीतरी दोन-अडीच वर्षे विश्वास कमावला आणि मग तिच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. तो लपवला होता चाचण्यांच्या फाइलींत. अशा लायब्ररीला मुद्दाम बिघडवलेले नमुने चाचणीसाठी लागतातच. ते माणसाला वाचता येत नाहीत आणि ते विचित्र दिसणे स्वाभाविक असते. बांधणीच्या वेळी, तेही डेबियन किंवा रेड हॅट परंपरेतील पॅकेज बांधले जात असेल तरच, त्या नमुन्यांतून विषारी भाग बाहेर काढून लायब्ररीत मिसळला जाई. मुद्रितशोधकाच्या दप्तरातच बनावट पान ठेवण्याचा हा प्रकार होता. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघड केला. दूरच्या यंत्रावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याच्या लक्षात आले. त्याआधी व्हॅलग्राइंडचे काही इशारेही त्याला खटकले होते. २००६मध्ये ज्या हत्याराचा इशारा शांत करण्याच्या नादात घात झाला, त्याच हत्याराचा इशारा २०२४मध्ये कोणीतरी मनात ठेवला म्हणून घात टळला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो चोरदरवाजा पोचला नाही.

या दोन घटनांवरून चाचण्या निरुपयोगी ठरतात असे आम्हाला वाटत नाही. चाचणी म्हणजे कोणीतरी आधी विचारून ठेवलेला प्रश्न. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती देत नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू ती तपासत नाही. तिच्या बाजूला वाचणारा माणूस लागतोच.

कोणाचे शब्द?

प्रश्न आधी विचारून ठेवावा लागतो, हे मान्य केले की आमच्या जिल्ह्यापुरता एक प्रश्न उरतो : चाचणीत कोणाचे शब्द आहेत? नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. येथील घराघरांत भिली, पावरी, मावची, नोइरी, अहिराणी, गुजरी ऐकू येते. ग्रियर्सन यांनी १९०७ साली भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात भिल भाषांना आणि खानदेशीला एक स्वतंत्र भाग दिला होता. अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात, २०१३ साली, अशा बोली पुन्हा नोंदवल्या गेल्या. भिलोरीतून आणि मराठीतून लिहिणारे वाहरू सोनवणे शहादा परिसरातले. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७चा. म्हणजे या भाषा नोंदींपासून आणि साहित्यापासून वंचित नाहीत.

संगणकातही त्यांना अगदीच जागा नाही असे नव्हे. लिनक्स प्रणालींच्या पायाशी असलेल्या ग्नू सी लायब्ररीत भिलीसाठी स्वतंत्र लोकेल आहे. लोकेल म्हणजे त्या भाषेतील वार, महिने, अंकलेखन इत्यादींची फाइल. जनगणनेने भिली/भिलोडीखाली एक कोटी चार लाखांहून अधिक भाषक मोजले, आणि त्या एका शीर्षकाखाली पावरी, मावची अशा अनेक मातृभाषा एकत्र केल्या. एका लोकेलने या सर्वांचे वार आणि महिने सांगावेत, ही अपेक्षाच अवघड आहे. शिवाय फाइल असणे वेगळे आणि तिच्या शुद्धतेला कोणी जामीन असणे वेगळे. ज्या शब्दासाठी चाचणीची ओळ नाही, तो शब्द उद्या मोडला तर कोणतीही बांधणी थांबणार नाही. ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ हा निकाल त्या शब्दाविषयी काहीच सांगत नसतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र सर्व काही ठीक असल्याचे वाटते.

हे काम अभियंते एकटे करू शकणार नाहीत. ‘पावऱ्यांचे’ या शब्दात कोणता आकार यावा, हे अभियंत्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगण्याचा अधिकार व जबाबदारी भाषेच्या अध्यापकांची आहे. चाचणीची ओळ लिहायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. शब्द अचूक लिहिता येणे, त्याच्या दोन रूपांतील अर्थभेद सांगता येणे, चुकीचे रूप ओळखता येणे एवढे लागते. क्रमांकांत रूपांतर करून देणारे लोक मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळ भेटतात. एम. ए.च्या वर्गात बोलीसंकलनाचा प्रकल्प आपण देतोच. त्या वह्यांतील शब्द गुणदानानंतर कपाटात जातात. त्यांतून जोडाक्षरे आणि अवघड मात्रा असलेले शंभर शब्द निवडून, प्रत्येकापुढे अपेक्षित आकार आणि अर्थ लिहून, मुक्त परवान्याखाली खुले केले, तर ते हार्फबझसारख्या लायब्ररीच्या संग्रहात जाऊ शकतात. निवड करताना त्या त्या समाजातील विद्यार्थ्यांचा शब्द अंतिम असावा. सातपुड्याच्या बोलीचा पाठ नंदुरबारच्या स्टाफरूममध्ये ठरवायचा नसतो.

लॅरी वॉल यांना लिपी नसलेल्या भाषेसाठी लेखनपद्धती करायची होती आणि ते राहून गेले. त्यांच्या हातून जी पद्धत घडली, तिच्या आधाराने आता लिहिल्या जाऊ लागलेल्या भाषांचे लेखन राखता येण्यासारखे आहे. यादीला सुरुवात करायचीच तर ‘दऱ्या’, ‘पावऱ्यांचे’ आणि ‘शेतकऱ्याला’ हे तीन शब्द आमच्याकडून, आडव्या ‘ऱ्’च्या दोन्ही रीतींनी लिहून. पुढचे शब्द अक्कलकुवा, तळोदा, नवापूर आणि शहादा येथल्या वर्गांतून यावेत.